द फेबलमन्स : घरानं लपवलेलं कॅमेऱ्याला दिसलं तेव्हा

सांजपक्षी

स्टीव्हन स्पीलबर्गचा 'द फेबलमन्स' २०२२ साली आला. तेव्हापासून त्याच्याबद्दल काहीही वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास भेटतं : हा सिनेमावरच्या प्रेमाचा सिनेमा आहे. सप्टेंबरात टोरांटो महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला, प्रेक्षकपसंतीचं पारितोषिक घेऊन गेला, समीक्षकांनी भरभरून कौतुक केलं आणि त्यातल्या बहुतेकांनी हेच सूत्र धरलं. मला ते पटत नाही. हा सिनेमा माझा अत्यंत आवडता आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (पुढे कथा उघड होते, आधी पाहायचा असेल तर इथेच थांबा.) १९५२ सालचं न्यू जर्सी. आईवडील लहानग्या सॅमीला पहिल्यांदा थिएटरात नेतात. पडद्यावर आगगाडीची टक्कर होते आणि पोरगं हादरून जातं. मग हनुकाच्या (ज्यूंच्या) सणाला मिळालेल्या खेळण्यातल्या गाडीची तो घरी पुन्हा पुन्हा टक्कर घडवतो. महागडी गाडी मोडेल म्हणून वडील रागावतात. आई मात्र ओळखते, की पोराला ती भीती आपल्या मुठीत आणायची आहे. ती म्हणते, बाबांच्या कॅमेऱ्यानं एकदाच टक्कर टिपून ठेव आणि मग हवी तितक्यांदा बघ. पुढे वडिलांच्या नोकरीपायी कुटुंब अ‍ॅरिझोनाला जातं, तिथून कॅलिफोर्नियाला, आणि तिथे आईवडिलांचा संसार मोडतो.

हे जवळपास सगळं स्पीलबर्गचं स्वतःचं आयुष्य आहे. वडील अर्नोल्ड विद्युत अभियंता, सुरुवातीच्या संगणकांवर काम केलेले. आई लिया पियानोवादक. घटस्फोटानंतर तिनं लग्न केलं ते नवऱ्याच्याच मित्राशी, सिनेमात ज्याला बेनीकाका केलंय त्याच्याशी. लिया २०१७ मध्ये गेल्या आणि अर्नोल्ड ऑगस्ट २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी. पटकथा त्यानंतर, टाळेबंदीच्या काळात, टोनी कुशनर या नाटककाराबरोबर लिहिली गेली. दोघं हयात असताना हा सिनेमा झाला नाही. शेवटी पडद्यावर दोघांची नावं येतात, अर्पण म्हणून.

आता मुद्द्यावर येतो. सिनेमाचा कणा म्हणजे सहलीचा प्रसंग. कुटुंब रानात तंबू ठोकून राहतं, बेनीकाकाही सोबत असतो. सॅमी सगळं चित्रित करतो. पुढे आजी वारते, आई खचते. वडील सॅमीला म्हणतात, तुझा युद्धपट राहू दे, आधी सहलीची फिल्म जोडून आईला दाखव, तिला बरं वाटेल. संकलनाचं यंत्रही आणून देतात. पोरगं रात्री खोलीत बसून चौकटीमागून चौकट बघतंय, बाहेर आई पियानोवर बाख वाजवतेय. आणि मुख्य दृश्याच्या मागे, कडेला, झाडाआड, आईचा हात बेनीच्या हातात दिसतो. तो रीळ मागे फिरवतो, पुन्हा पुढे घेतो. चित्र घेताना त्याला यातलं काहीच दिसलं नव्हतं.

मग तो दोन फिल्मा करतो. एक घरच्यांना दाखवायची, हसरी, सगळ्यांना आवडलेली. दुसरी त्यातून वगळलेल्या तुकड्यांची. पुढे आईशी कडाक्याचं भांडण होतं, ती त्याच्या पाठीत धपाटा घालते, तेव्हा तो तिला कपाटाच्या खोलीत बसवून ती दुसरी फिल्म लावतो आणि स्वतः बाहेर थांबतो. याच कपाटात लहानपणी त्यानं तिला आगगाडीची टक्कर दाखवली होती. त्याच जागेत, त्याच माणसाला, त्याच यंत्रानं. एकदा आनंद दिला, एकदा शिक्षा.

असा प्रसंग लिहिणाऱ्याला केवळ सिनेमाचं प्रेम सांगायचं आहे, असं कसं म्हणता येईल? कॅमेरा ज्याच्या हाती असतो त्याला घरातल्या माणसांवर केवढी सत्ता मिळते, आणि ती सत्ता आवडायला लागली की काय होतं, हे तो सांगतोय. पुरावा हवा असेल तर घटस्फोट जाहीर होतो ते दृश्य पाहा. बहिणी रडतायत, आई कोसळलीय, आणि सॅमीला आरशात दिसतं की तो स्वतः कॅमेरा घेऊन हे सगळं टिपतोय. तो प्रत्यक्षात टिपत नसतो, मनातल्या मनात टिपतो. पंच्याहत्तरी गाठलेल्या दिग्दर्शकानं आपल्याबद्दल हे कबूल करावं याला मोठं धैर्य लागतं.

माझा अंदाज असा, की 'सिनेमाला लिहिलेलं प्रेमपत्र' या बिरुदानं सिनेमाचं नुकसानच केलं. ज्यांना गोड आठवणी नको होत्या ते फिरकले नाहीत आणि ज्यांना हव्या होत्या त्यांना त्या पुरेशा मिळाल्या नाहीत. चार कोटी डॉलरच्या आसपास खर्च, जगभरातून कमाई साधारण साडेचार कोटी, म्हणजे थिएटरांचा वाटा वगळता तोटाच. गोल्डन ग्लोबमध्ये सर्वोत्तम नाट्यपट आणि दिग्दर्शन. ऑस्करला ७ नामांकनं, पुरस्कार शून्य.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांना आवडला नाही त्यांनी जरूर लिहा.

गवतफुला

फार मनापासून लिहिलंय. कपाटाच्या प्रसंगाबद्दल शब्दाशब्दाला सहमत. पण तुमच्या लेखात मिट्झी, म्हणजे आई, नुसती 'जिच्यावर कॅमेरा रोखला गेला' अशी येते. माझ्यासाठी हा सिनेमा तिचाच आहे.

जेवणाचं दृश्य आठवा. कागदी ताटल्या, प्लॅस्टिकचे चमचे आणि वर कागदाचंच टेबलावरचं आच्छादन. जेवण झालं की चारी टोकं गोळा करायची, बोचकं बांधायचं आणि थेट कचऱ्यात. का? तर पियानो वाजवणारे हात भांडी घासण्यात वाया जायला नकोत. नवऱ्याच्या आईला हे अर्थातच खपत नाही, ती टोमणे मारते. त्या एका आच्छादनात त्या बाईची अख्खी कैफियत आलीय. घरानं तिच्या हातांना भांड्यांपासून वाचवलं, पण ज्यासाठी वाचवलं ते रंगमंचावरचं वादन तिच्या वाट्याला आलंच नाही. हात राखले आणि कला घरातच राहिली.

मिट्झी झालेल्या मिशेल विल्यम्सच्या कामावर तेव्हा बरीच टीका झाली. फार नाटकी, फार ताणलेलं, असं लिहिलं गेलं. मला वाटतं त्या टीकाकारांनी अशी बाई घरात पाहिलेली नाही. प्रेक्षक नसलेली कलावंत घरातल्यांनाच प्रेक्षक करते. ती गाडीत पोरांना घालून वादळाच्या दिशेनं गाडी हाकते, रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात नाचते, आणि एक दिवस चक्क माकड विकत आणते. हे सगळं जर शांत, मोजकं वठवलं असतं तर खोटं झालं असतं. तिच्यासाठी पुरस्काराची मोहीम मुख्य अभिनेत्री म्हणून चालवली गेली, तेव्हाही काही जण म्हणाले की सहायकमध्ये उभी राहिली असती तर सहज जिंकली असती. तो हिशेब बाजूला ठेवू, पण मिट्झीला या कथेत सहायक म्हणणं मला तरी जमणार नाही.

तिसरी घंटा

आवडला नाही असं म्हणणार नाही, पण अर्धाच आवडला, म्हणून लिहिते.

लांबी १५१ मिनिटं. अ‍ॅरिझोनापर्यंत एकही मिनिट जास्त वाटत नाही. कॅलिफोर्नियातली शाळा सुरू झाली की गाडी रुळावरून घसरते. ज्यू म्हणून छळणारी उंच, सोनेरी केसांची मुलं इतर शंभर सिनेमांत असतात तशीच आहेत. येशूवर भक्ती असलेली ती मैत्रीण, तिच्या खोलीतली प्रार्थना, हे सगळं विनोदी आहे, हसायलाही येतं, पण आधीच्या तासाभरात जी सुरी मानेवर ठेवली होती ती अचानक काढून घेतल्यासारखं वाटतं. अनेक समीक्षकांनी हीच तक्रार केली होती आणि ती मला रास्त वाटते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. बहिणी. तीन बहिणी आहेत घरात. त्यांचंही घर मोडलं. पण सिनेमाभर त्या सॅमीच्या फिल्मांत कामं करतात, टॉयलेट पेपर गुंडाळून ममी होतात, आणि घर फुटल्यावर रडतात. आईचं गुपित त्यांना कधी कळलं, कळल्यावर त्यांनी भावाला काय विचारलं, यावर फारच थोडं आहे. सांजपक्षी, तुम्ही म्हणता तशी ही कॅमेऱ्याच्या सत्तेची गोष्ट असेल, तर ज्यांच्या हाती कॅमेरा नव्हता त्यांचं काय, हा प्रश्न सिनेमानं स्वतःलाच विचारायला हवा होता.

रीळवाला

माझी सगळी नोकरी फिल्मच्या पट्ट्या हाताळण्यात गेली, तेव्हा त्या संकलनाच्या प्रसंगाबद्दल थोडं सांगतो. धाग्यात अजून कुणी हे मांडलं नाही, पण माझ्या मते सांजपक्षींच्या मुद्द्याचा तोच खरा आधार आहे.

घरगुती ८ मिलिमीटरची फिल्म ही रिव्हर्सल असायची. मोठ्या सिनेमासारखी वेगळी निगेटिव्ह नसते. जी पट्टी कॅमेऱ्यात फिरली तीच रसायनात धुऊन परत येते आणि तीच प्रोजेक्टरवर लागते. एकच प्रत. त्यामुळे सॅमी आई आणि बेनीचे तुकडे कापतो तेव्हा तो नक्कल काढत नाही, अस्सल पुरावा हातात घेऊन कापतो. घरच्यांना दाखवलेल्या फिल्ममध्ये ती दृश्यं नाहीत, कारण ती भौतिकदृष्ट्या आता दुसऱ्या रिळावर आहेत. ते रीळ जाळलं असतं तर जगात काहीच उरलं नसतं. पोरानं ते जाळलं नाही, फेकलं नाही. तुकडे क्रमानं लावून, सांधून ठेवले.

हे करायला वेळ लागतो. ८ मिलिमीटरची चौकट करंगळीच्या नखाहून लहान असते. पाहायच्या यंत्राचा पडदाही छोटासा, हातानं दांडी फिरवायची, हवी ती चौकट आली की खूण करायची, पट्टी कापायची, टोकाचा थर खरवडायचा, सिमेंट लावायचं, दाबून धरायचं आणि वाळेपर्यंत थांबायचं. प्रत्येक सांध्याला हे. म्हणजे रागाच्या भरात झालेली गोष्ट नव्हे ती. आईचा तो हात त्यानं प्रत्येक सांध्यागणिक नीट पाहिला असणार.

आणि हाच मुलगा आपल्या काउबॉयछाप मारामारीच्या (वेस्टर्न) फिल्ममध्ये गोळी सुटल्याचा लखलखाट दिसावा म्हणून पट्टीला टाचणीनं भोकं पाडतो. बाबा थक्क होतात, कसं केलंस म्हणून विचारतात. फिल्मला भोक पाडलं की पडद्यावर पांढरा झगझगीत ठिपका येतो, साधी युक्ती. पण तिथे तो जे नव्हतं ते दाखवायला शिकला आणि सहलीच्या फिल्ममध्ये जे होतं ते लपवायला. संकलनाच्या दोन्ही बाजू त्याला सोळाव्या वर्षाच्या आसपास कळल्या.

दक्षिण जर्सीकर

आम्ही बरीच वर्षं न्यू जर्सीच्या दक्षिण भागात राहतो. सिनेमाची सुरुवात जिथे होते ते हॅडन टाउनशिप इथून जवळच. त्या काळी कॅम्डेनला आरसीए कंपनीचं मोठं काम चालायचं आणि अर्नोल्ड स्पीलबर्ग तिथेच नोकरीला होते. आज या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ आहेत, बरीचशी अभियंत्यांचीच, नोकरी बदलली की गाव बदलणारी.

सुरुवातीला गाडीतून घरी येताना सगळ्या रस्त्यावर नाताळची रोषणाई असते आणि सॅमी आपलं घर कसं ओळखायचं तर ज्याच्यावर दिवे नाहीत ते, असं म्हणतो. माझ्या मुलीनं लहानपणी हेच वेगळ्या शब्दांत विचारलं होतं, आपल्याकडे दिवे सगळ्यांच्या आधीच का लागतात आणि सगळ्यांचे लागतात तेव्हा आपले का उतरवतो. म्हणून शाळेतल्या छळाचा भाग मला तिसरी घंटांना वाटला तितका परका वाटला नाही. ठोकळेबाज आहे हे मान्य. पण जिथे तुमच्यासारखं कुणीच नाही अशा शाळेत तुम्हाला छळणारी मुलं खरोखरच एकसारखी दिसतात, निदान पहिलं वर्षभर.

एक जोड. अर्नोल्ड स्पीलबर्ग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलातर्फे भारत-ब्रह्मदेश आघाडीवर होते. पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये ज्या जीई-२२५ संगणकाच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता, त्याच यंत्रावर १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा पहिल्यांदा चालली. आपल्यापैकी चाळिशीपुढच्या कितीतरी जणांनी शाळेच्या संगणकखोलीत पहिली ओळ लिहिली ती बेसिकमध्येच. सिनेमात वडील जेवणाच्या टेबलावर आपलं काम समजावू पाहतात आणि कुणाचंच लक्ष नसतं, तेव्हा मला हे आठवत राहिलं. त्या घरात कलावंत दोन होते असं सगळे लिहितात. मला तीन दिसले.

ओसरी

पुरस्कार आणि कमाईबद्दल थोडं वेगळं मत आहे. 'प्रेमपत्र' या बिरुदामुळे सिनेमा पडला, हे मला तितकंसं पटत नाही. २०२२ च्या शेवटी अमेरिकेत मोठ्यांसाठीची शांत कौटुंबिक नाट्यं थिएटरात चालतच नव्हती. महासाथीनंतर तो प्रेक्षक घरीच बसला होता. ११ नोव्हेंबरला मोजक्याच पडद्यांवर आणि थँक्सगिव्हिंगच्या सुमारास सगळीकडे, ही पद्धत जुन्या हिशेबाची होती. ऑस्करला समोर 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स' होता, तोही आई आणि लेकराचाच सिनेमा, आणि त्याची लाट एवढी मोठी होती की दुसऱ्या कुणाला फारशी संधीच नव्हती.

शिवाय हा सिनेमा एका रांगेत शेवटी आला. २०१८ मध्ये कुआरोनचा 'रोमा', २०२१ मध्ये ब्रॅनाचा 'बेलफास्ट' आणि सोरेंतिनोचा 'द हँड ऑफ गॉड', २०२२ मध्येच जेम्स ग्रेचा 'आर्मगेडन टाइम' आणि शार्लट वेल्सचा 'आफ्टरसन'. दिग्दर्शकांच्या बालपणांचा पूर आला होता. समीक्षकही थकले असतील.

या रांगेत मला 'रोमा' सर्वांत मोठा वाटतो, आणि तिसरी घंटांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. कुआरोननं स्वतःला, म्हणजे त्या लहान मुलाला, जवळजवळ कोपऱ्यात ढकललं आणि घरकाम करणाऱ्या क्लेओला मध्ये आणलं. वडील घर सोडून जातात ते आपल्याला तिच्या कामाच्या ओघात दिसतं. आपल्याकडचा 'फँड्री' घ्या. नागराज मंजुळे यांनी त्यात स्वतःच्या लहानपणातलं किती तरी घातलंय. पण जब्याच्या घरात कॅमेरा असणं शक्यच नव्हतं. त्याच्याकडे सगळं गाव बघतं, हसतं आणि शेवटी त्यानं भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. बघणाऱ्याची सत्ता म्हणजे काय हे त्या दगडानं मला फेबलमन्सच्या कपाटापेक्षा जास्त लख्ख दाखवलं. सॅमीजवळ निदान निवड होती, दाखवायचं की लपवायचं.

सांजपक्षी

प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे आभार. रीळवाला, एकच प्रत असण्याचा मुद्दा लाखमोलाचा आहे. त्यानं कपाटाचा प्रसंग आणखी कठोर झाला.

तिसरी घंटा, बहिणींबद्दल तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. घटस्फोटाच्या रात्री बहीण रेजी सॅमीच्या खोलीत येते, तो तेव्हाही फिल्म जोडत बसलेला असतो, आणि अशा वेळी हे सुचतं तरी कसं, असा तिचा रोख असतो. तो एक प्रसंग भक्कम आहे, पण एकच. खऱ्या आयुष्यात तिघी बहिणींतली थोरली अ‍ॅन स्वतः पटकथाकार आहे, १९८८ च्या 'बिग'ची सहलेखिका. या घराची गोष्ट तिच्या बाजूनं कशी झाली असती, याची मलाही उत्सुकता वाटते.

शाळेच्या भागाबद्दल मात्र ठाम असहमती. सॅमी समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीची फिल्म करतो आणि त्यात आपल्याला मारणाऱ्या लोगनला देवासारखा देखणा दाखवतो. सगळी शाळा टाळ्या वाजवते. नंतर लोगन रिकाम्या मार्गिकेत त्याला गाठतो आणि ढसाढसा रडतो, कारण पडद्यावरचा तो मुलगा आपण कधीच होऊ शकणार नाही हे त्याला कळलेलं असतं. आईला सत्य दाखवून मोडलं, लोगनला खोटं दाखवून. आधी जी सुरी मानेवर होती म्हणता, तीच इथे उलट्या बाजूनं चालते. शेवटच्या तासातला हलकेपणा त्या मार्गिकेपर्यंत नेण्यासाठी आहे, आणि तिथे पोहोचल्यावर मला तो अजिबात जास्त वाटत नाही.

ओसरी, जब्याचा दगड कपाटापेक्षा मोठा, हे मान्य करायला मला जड जात नाही. पण निवड असणं हे सॅमीचं सुख आहे असं मला वाटत नाही. बोरिसआजोबा, म्हणजे आईचे मामा, त्याला एका रात्रीत नेमकं हेच बजावून जातात, की कला आणि घर तुला दोन्हीकडून ओढून फाडतील.

गवतफुला

दक्षिण जर्सीकर, तुमच्या 'तीन कलावंत' या वाक्यासाठी पुन्हा आले. वडिलांबद्दल या धाग्यात कमी बोललं गेलं, आणि समीक्षांमध्येही तसंच झालं.

पॉल डॅनोनं बर्ट, म्हणजे वडील, किती संयमानं केलाय पाहा. त्याला बायकोचं मन केव्हा कळलं हे सिनेमा सांगत नाही. मला वाटतं सॅमीच्या आधी. ज्याला यंत्रातला बारीकसा बिघाड सापडतो त्याला घरातला दिसत नसेल? तरी तो बेनीला नोकरीत घेतो, सहलीला नेतो, कारण बेनी असला की ती हसते. शेवटी लॉस एंजेलिसच्या घरात टपालातून तिचा आणि बेनीचा फोटो येतो. बर्ट तो हातात धरतो, काही बोलत नाही, आणि पुढच्याच क्षणी मुलाच्या कॉलेज सोडण्याला परवानगी देतो. ज्याला आयुष्यभर तो 'छंद' म्हणत आला त्याला परवानगी.

स्पीलबर्गनं स्वतःच सांगितलंय की घटस्फोटाचा दोष त्यानं वर्षानुवर्षं वडिलांवर ठेवला होता, आणि वडिलांनीही आईची ढाल बनून तो मुकाट सोसला. त्याच्या आधीच्या किती सिनेमांत बाप घर सोडून गेलेला असतो ते आठवा. इथे बाप घरात थांबलेला दिसतो. मग ऑस्करच्या यादीत एका प्रसंगापुरते येणारे, बोरिसआजोबा झालेले जड हर्श आले आणि डॅनो आला नाही. हर्शचं काम उत्तम आहे, वाद नाही. पण जो अडीच तास सगळ्यांचा भार वाहतो त्याच्याकडे घरातल्या माणसांसारखंच परीक्षकांचंही लक्ष गेलं नाही, याची मला अजूनही चीड येते.